दोन दारांचा तंबू

अजिंक्यचा फोन आला तेव्हा सुशांत ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दहीभात खात होता.

"ऑक्टोबरच्या शेवटी सकलेशपूरकडे चाललोय," अजिंक्य म्हणाला. "तीन दिवस, दोन मुक्काम. कॉफीच्या एका मळ्यामागचा डोंगर आहे, मालकाची परवानगी मिळालीय. मला धरून पाचजण आहोत. येतोस?"

सुशांतने चमचा खाली ठेवला. गेल्या तीन वर्षांत त्याला असं कोणी विचारलं नव्हतं. त्याआधी विचारायची वेळच येत नसे. दोघेही पुण्याहून एकाच वर्षी बंगळूरला नोकरीला आलेले, एकाच खोलीत राहिलेले. महिन्यातून एक शनिवार-रविवार डोंगरात जायचा हे ठरलेलंच असायचं. मग होसकोट्याच्या रस्त्यावर एक लॉरी अचानक वळली आणि सुशांतची मोटरसायकल तिच्या चाकाखाली गेली. डावा पाय गुडघ्याखाली वीतभर ठेवून बाकीचा कापावा लागला. आता तो कृत्रिम पाय लावून ऑफिसला येई, जिने चढे, आणि गेले आठ महिने दर रविवारी पाठीवर दहा किलोंची सॅक अडकवून दोन-अडीच तास चालून येई. हे कशासाठी, ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तिला ते न सांगता कळलं होतं, ही गोष्ट वेगळी.

"येतो," तो म्हणाला. "पण तंबू माझा मी आणतो."

"अरे, माझ्याकडे आहे की. तिघांचा."

"नको. माझा मी आणतो."

कारण साधं होतं. दिवसभर चालल्यावर पाय काढावाच लागतो. आत जो सिलिकॉनचा मोजा असतो तो घामाने चिकट होतो; तो सोलून काढून पुसायचा, वाळवायचा, कातडी तपासायची, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी पाय घालता येतो. आणि पाय काढलेला असताना सुशांतला फक्त दोघांनी पाहिलं होतं: बायको कस्तुरीने आणि पाय बनवणाऱ्या तंत्रज्ञाने. आई पुण्याहून आली की तिच्यासमोरसुद्धा तो खोलीचं दार लावून घेई. तिघांच्या तंबूत दोन मित्रांच्या मध्ये पडून पाय काढायचा, ही कल्पनाही त्याला सहन होईना.

पुढचा आठवडाभर तो रोज जेवण झाल्यावर लॅपटॉपवर तंबू बघत बसला. त्याने तक्ता केला. पहिला रकाना वजनाचा. पाठीवरचा प्रत्येक जादा किलो शेवटी त्या वीतभर हाडावर येऊन पडतो, तेव्हा जो सगळ्यात हलका तो सगळ्यात बरा, असा त्याचा हिशोब होता. वीस-बावीस नावांतून एक उरलं. एका माणसाचा, अकराशे ग्रॅमचा तंबू. इतका हलका, कारण त्याला स्वतःचे खांबच नव्हते. चालताना हातात धरायच्या दोन काठ्या उभ्या करायच्या, त्यांवर कापड ताणायचं आणि कडा खुंट्यांनी जमिनीत ठोकायच्या. दार डोक्याच्या बाजूला.

कस्तुरीने मागून वाकून चित्र पाहिलं. ती नागपूरची, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला. कुठलीही गोष्ट मोजून बघितल्याशिवाय तिला पटत नसे.

"यात बसून तू पाय कसा घालशील?"

"घालीन."

"बसल्यावर डोकं लागेल वर."

"आडवा होऊन घालीन. होतं ते."

"होत नाही," ती म्हणाली, पण पुढे वाद घातला नाही.

दुकानात विक्रेत्याने तंबू मांडूनच ठेवला होता. "सर, इससे हल्का पूरे बंगलोर में नहीं मिलेगा," तो म्हणाला आणि पिशवी सुशांतच्या तळहातावर ठेवली. खरंच, काही ठेवल्यासारखं वाटेना. "अंदर जाके देखिए ना, सर." आत जायचं म्हणजे आधी गुडघ्यांवर बसायचं, मग हातांवर रांगायचं. दुकानात गिऱ्हाइकं होती. पँटच्या आत काय आहे ते कोणाला ठाऊक नव्हतं आणि कळावं अशी सुशांतची इच्छाही नव्हती. "जरूरत नहीं," तो म्हणाला आणि कार्ड पुढे केलं.

रविवारी दुपारी कस्तुरी बाजारात गेल्यावर तो तंबू घेऊन गच्चीवर गेला. बनशंकरीतलं ते दुमजली घर यल्लव्वाअक्कांचं. खाली त्या एकट्या राहत, वर हे दोघं भाड्याने. गच्ची सामाईक. सिमेंटमध्ये खुंट्या ठोकता येत नाहीत हे त्याच्या वर गेल्यावर लक्षात आलं. मग त्याने दोऱ्या तीन कुंड्यांना आणि पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधल्या, दोन्ही काठ्या उभ्या केल्या, आणि अर्ध्या तासाने तंबू उभा राहिला. जरासा एका अंगाला कललेला, पण उभा.

तो रांगत आत गेला. आत वळणं अवघड होतं. रुंदी जेमतेम खांद्यांपुरती. कोपरावर रेलून त्याने पाय काढला, मोजा सोलला, दोन्ही शेजारी ठेवलं आणि पाठ टेकली. जमलं होतं. खालच्या गल्लीत कोणीतरी कन्नडमध्ये भाजीचे भाव सांगत होतं. आपण कस्तुरीला उगीच घाबरू दिलं, असं त्याला वाटलं. डोळा लागला.

पावणेचारला पाऊस आला. ऑक्टोबरमध्ये बंगळुरात येतो तसा, न सांगता आणि सगळा एकदम. सुशांतला प्रथम बरंच वाटलं. आयतीच परीक्षा झाली. पण वारा दाराच्या बाजूने होता. दाराची चेन ओढून घेईपर्यंत पाणी त्याच्या डोक्यावर, शेजारच्या मोज्यात आणि पायाच्या खोबणीत शिरलं होतं. त्याने सदऱ्याने मोजा पुसला, कसाबसा चढवला. आता पाय. मोज्याच्या टोकाला एक खिळा असतो, तो पायाच्या खोबणीत खोल जाऊन अडकला पाहिजे. त्यासाठी जमिनीवर पाय रोवून वरून शरीराचा भार द्यावा लागतो. उठून बसला तर डोकं कापडाला लागत होतं आणि ओलं कापड मानेला चिकटत होतं. पाय बाहेर काढून भार द्यावा तर दार डोक्याकडे. तो अर्धा तास धडपडला असेल. मग त्याने ठरवलं, पाय आतच राहू दे, आधी बाहेर पडू.

हातांवर सरकत तो कमरेपर्यंत बाहेर आला. उभं राहायला आधार हवा. सवयीने हात काठीकडे गेला, त्याने ती घट्ट धरली आणि ओढली.

काठी हातात आली आणि तंबू अंगावर आला. टाकीकडची कुंडी घसरून फुटली. ओलं कापड तोंडावरून बाजूला करून सुशांत बसला तेव्हा तो भर पावसात, चिखलमातीत, एका पायाने बसलेला होता, आणि दुसरा पाय त्या कापडाच्या ढिगाखाली कुठेतरी होता.

त्याच वेळी यल्लव्वाअक्का जिना चढून वर आल्या. वाळत घातलेली वाकळ काढायला. त्या अथणीच्या, पासष्टीच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे चाळीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या. मराठी त्यांची माहेरची, पण आता तिच्यात कन्नड मिसळलेलं. त्या दारातच थांबल्या. सुशांतच्या रिकाम्या पँटकडे त्यांनी पाहिलं, पडलेल्या तंबूकडे पाहिलं.

"अक्का, तुम्ही जा खाली," सुशांत म्हणाला. "मी येतो."

"कसा येतोस?" त्या म्हणाल्या. "पाय कुठं हाय?"

"आत."

त्यांनी वाकळ तशीच सोडली, वाकून कापडाखाली हात घातला, चाचपून पाय बाहेर ओढला आणि उपडा करून त्यातलं पाणी झटकलं. "आतनं वल्ला झालाय. असा घालतोस?"

"नाही. वाळवायला लागेल."

"मग स्वल्प थांब." त्या खाली गेल्या, प्लास्टिकची खुर्ची आणि जुना टॉवेल घेऊन आल्या. खुर्ची भिंतीला टेकवून त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली. सुशांत हातांवर जोर देऊन तिच्यावर बसला. त्यांनी टॉवेल त्याच्याकडे दिला आणि पाऊस अंगावर घेत तिथेच उभ्या राहिल्या. मग इतका वेळ मनात असलेलं विचारलं, "असल्या खोपटात कशाला बसला होतास, तम्मा? वरचं घर गळतंय काय?"

सुशांतला हसू आलं. पण ते फार वेळ टिकलं नाही.

त्या संध्याकाळी त्याने अजिंक्यला निरोप पाठवला की ऑफिसचं काम निघालंय, जमणार नाही. कस्तुरीने तो टेबलावरच्या फोनवर वाचला. तिने एवढंच म्हटलं, "काम कोणतं रे?" आणि ती आत निघून गेली. दोन दिवस दोघं जेवणखाण, भाजी, पाणी एवढ्यापुरतंच बोलत होते. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आठ महिने उन्हातान्हात सॅक घेऊन फिरला तू. मी काही म्हटलं नाही. आता एक तंबू पडला म्हणून घरी बसून राहशील, तर मी म्हणणार."

"तंबू पडला म्हणून नाही."

"मग?"

"अक्का आल्या नसत्या तर मी तिथेच बसून राहिलो असतो, कस्तुरी. तिथे डोंगरात कोण येणार खुर्ची घेऊन?"

याचं उत्तर आणलं ते यल्लव्वाअक्कांनी, गुरुवारी सकाळी, दूधवाल्याची वाट बघत जिन्यात उभ्या असताना. त्यांच्या चुलतबहिणीची मुलगी शिवलीला यशवंतपूरला होती. ताडपत्र्या शिवते, तंबू शिवते, ट्रेकवाल्यांना भाड्याने देते, फाटलेले दुरुस्त करते. "तिला जाऊन दाखवा," अक्का म्हणाल्या. "ती तोंडाची फटकळ हाय. पण काम सरी करती, एकदम नीट."

शनिवारी दोघं बनशंकरीहून मेट्रोने थेट यशवंतपूरला गेले. मार्केट यार्डामागच्या गल्लीत ताडपत्र्यांची पाच-सहा दुकानं ओळीने होती. शिवलीलाचं सगळ्यात शेवटचं. पुढे शिवणयंत्रं, मागे गोदाम, वर पत्रा. ती पंचेचाळिशीची, पँट-शर्टातली, गळ्यात मापाची पट्टी. सासर-माहेर दोन्ही निपाणीकडचं.

तिने सुशांतच्या तंबूची पिशवी उघडली, शिवण बोटांनी चाचपली, कापड उजेडाला धरलं.

"माल चांगला हाय," ती म्हणाली. "तुमच्या कामाचा न्हाई. मावशीनं सांगितलं मला सगळं. ह्यो तंबू तुमच्या काठ्यांवर उभा राहतो. आणि उठताना तुम्हाला काठी पाहिजे. मग एक तर तंबू उभा, न्हाईतर तुम्ही."

इतकी उघड गोष्ट सुशांतच्या तक्त्यात कुठेच नव्हती.

"वजन सोडून आणखी काय बघितलासा घेताना?"

"काही नाही," तो म्हणाला.

"बरं. पाय घालायला जागा किती लागती?"

"म्हणजे?"

"म्हणजे बसल्यावर किती उंची, पाय पसरून किती लांबी. मला काय ठाऊक? घालून दाखवा की."

दुकानात यंत्रांवर दोन बायका शिवत होत्या. शिवलीलाने त्यांच्याकडे पाहिलं, मग सुशांतकडे. "पडदा लावू?"

कस्तुरी दाराशी ताडपत्र्यांचे गुंडाळे बघत असल्यासारखी उभी होती. सुशांतला गच्चीवरचा पाऊस आठवला. तिथे काही पडदा नव्हता.

"नको," तो म्हणाला.

तो सतरंजीवर बसला, पँटची कड दुमडली, पाय काढला, मोजा सोलला. यंत्रावरच्या दोघींपैकी एकीने मान वर करून पाहिलं आणि दोरा संपला होता म्हणून पुन्हा खाली घातली. शिवलीला शेजारी बसली आणि तिने मापं घ्यायला सुरुवात केली. बसल्यावर जमिनीपासून डोक्यापर्यंत ब्याण्णव सेंटिमीटर. मोजा चढवताना कोपरं जितकी बाजूला जातात तितकी रुंदी. मग त्याने खुर्चीच्या आधाराने भार देऊन पाय अडकवला, आतून कट्‌कट् असा आवाज आला, आणि तिने विचारलं, "हा आवाज आल्याशिवाय चालायचं न्हाई?"

"नाही. निसटू शकतो."

"मग तुम्हाला दाराशी बसून, पाय बाहेर टेकून जोर लावायला पाहिजे. दार कुशीला पाहिजे, डोक्याला न्हाई. आणि दाराबाहेर पडवी पाहिजे."

"पडवी?"

"तंबूवरचं पावसाचं कापड दारापुढं लांब येतंय बघा, त्याला आम्ही पडवी म्हणतो. बूट ठेवायला असती. तुम्ही तिच्यात पाय टेकायचा, वर पाऊस पडू दे कितीबी."

पहिला तंबू तिने गोदामातून आणला तो घुमटासारखा, उंच होता. पिशवीवर उंची एकशे दहा लिहिली होती. कस्तुरी खूश झाली. शिवलीलाने पट्टी घेऊन दारापाशी मोजलं: बहात्तर. "मधली उंची सगळेच लिहितात," ती म्हणाली. "मधे बसून काय करायचं? काम दाराशी हाय." दुसरा दाराशी पुरेसा उंच होता, पण चार किलोंचा, सुशांतने उचलून बघितला आणि स्वतःच खाली ठेवला. तिसरा दोन माणसांचा. दोन्ही कुशींना एकेक दार, दोन्ही दारांना पडवी, स्वतःचे खांब. एक खुंटी न ठोकता सिमेंटवर उभा राहिला. दाराच्या बाजू तिरक्या नव्हत्या, जवळजवळ सरळ उभ्या होत्या. सुशांत आत जाऊन बसला. डोक्यावर चार बोटं जागा उरली. त्याने पाय काढला, पुन्हा मोजा चढवला, सरकत दाराशी आला, उजवा पाय बाहेर टेकला, डावा खोबणीत घातला आणि भार दिला. कट्‌कट्. दाराच्या खांबाला हात न लावता, स्वतःच्या काठीवर जोर देऊन तो उभा राहिला.

"पुन्हा करा," शिवलीला म्हणाली.

त्याने चार वेळा केलं. चौथ्यांदा कस्तुरीने घड्याळ लावलं. सहा मिनिटं.

"भाड्यानं न्या आत्ता," शिवलीला म्हणाली. "मानवला तर विकत घ्या. तुमचा तो इथं ठेवा, सायकलवाले एकटे जातात त्यांना मी देते. पण एक सांगा. दोघांचा हाय. दुसरं कोण?"

"मी एकटाच. ऐसपैस होईल."

"वजन बावीसशे ग्रॅम. सगळं एकटे उचलणार? मग आधीचा काय वाईट होता?" तिने खांब एका पिशवीत भरले आणि वरचं कापड त्यांच्याजवळ ठेवलं, आतला तंबू नि खुंट्या दुसऱ्या पिशवीत. दोन्ही पिशव्या दोन हातांत तोलल्या. "अशी वाटणी झाली तर अकराशे-अकराशे. एवढंच की न्हाई तुम्हाला पाहिजे होतं?"

सुशांत दुकानाबाहेर आला. समोर कांद्याची लॉरी रिकामी होत होती. त्याने अजिंक्यला फोन लावला.

"ऑफिसचं काम वगैरे काही नव्हतं," तो म्हणाला. "खोटं सांगितलं तुला."

"माहितीये."

"कसं?"

"तुझ्या ऑफिसात माझा भाऊ आहे, गाढवा. बोल."

मग सुशांतने सांगितलं. रात्री पाय काढावा लागतो. सकाळी घालायला वेळ लागतो. गच्चीवर काय झालं ते. दोन दारांचा तंबू आहे, अर्धं वजन तुला उचलावं लागेल, आणि माझ्या शेजारी झोपावं लागेल. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. लॉरीवरचे हमाल एकमेकांना कन्नडमध्ये शिव्या देत हसत होते.

"सुशा," अजिंक्य म्हणाला, "मी हॉस्पिटलात एकदाच आलो होतो. नंतर आलो नाही. तुला आठवत असेल."

"आठवतं."

"मला कुठे बघायचं तेच कळत नव्हतं. मग दिवस गेले, मग आणखी लाज वाटायला लागली. या ट्रिपचं विचारायला मला चार दिवस लागले."

तीन वर्षं सुशांतने हे मनात वेगळंच धरलं होतं. आपण आता अजिंक्यच्या कामाचे उरलो नाही, असं.

"तंबूत छताकडे बघ," तो शेवटी म्हणाला. "मधली उंची एकशे पाच आहे."

पुढच्या रविवारी अजिंक्य बनशंकरीला आला आणि गच्चीवर दोघांनी तंबू दोनदा उभारला, दोनदा उतरवला. सुशांतने पाय काढला तेव्हा अजिंक्य पहिली पाच मिनिटं रिक्षावाल्यांच्या नावाने बडबडत होता. मग तो थांबला. त्याने पाहिलं. "दुखतं का?" त्याने विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"पावसाळ्यात. आणि जो नाही तो जास्त दुखतो," सुशांत म्हणाला. "अंगठा खाजतो कधीकधी. कुठे खाजवणार?"

सकलेशपूरच्या पुढे मळ्यापर्यंत जीप गेली. तिथून कॉफीच्या झाडांमधली वाट, मग जंगलाचा पट्टा, मग उघडं गवत. पहिला दिवस नऊ किलोमीटरचा. सुशांत सगळ्यात मागे होता, पण फार मागे नव्हता. चारच्या सुमाराला ते मुक्कामाच्या सपाटीवर पोचले. तंबू दहा मिनिटांत उभा राहिला. अंधार पडायच्या आत पाऊस सुरू झाला आणि बाकीच्या तंबूंमधून हसण्याचे, ओरडण्याचे आवाज येऊ लागले. कोणाच्या तरी दारातून पाणी आत गेलं होतं. सुशांतने मोजा पुसून आतल्या दोरीवर वाळत टाकला. अजिंक्यने त्याच्या खाली आपले मोजे टाकले आणि दोघंही चपात्या आणि लोणचं खाऊन आठ वाजता झोपले.

सकाळीही पाऊस चालू होता. पडवीत पाय टेकून, वरचं कापड पाठीशी ठेवून सुशांतने पाय घातला. गारठ्याने बोटं काम करत नव्हती. पंधरा मिनिटं लागली. चहा व्हायलाही तेवढाच वेळ लागला.

नऊला पाऊस उघडला आणि ते माथ्याकडे निघाले. तासाभराने सुशांतला आत टोचायला लागलं. त्याने आणखी शंभर पावलं चालून पाहिलं, मग एका खडकावर बसला आणि सगळ्यांसमोर पाय काढला. बसल्या जागी, काही विचार न करता. मोजा निघाल्यावर नडगीच्या टोकाला रुपयाएवढा लाल चट्टा दिसला. तंत्रज्ञाने त्याला बजावलं होतं: लाली दहा मिनिटांत गेली तर चाल, नाही गेली तर थांब. सुशांतने घड्याळ लावलं. पाचहीजण भोवती उभे राहिले. दहा मिनिटं झाली. चट्टा तसाच होता.

माथा समोर दिसत होता. तासाभराची चढण असेल.

"मी परत जातो," सुशांत म्हणाला. "तंबू इथून दिसतोय. अर्धा तास लागेल."

"मी येतो तुझ्याबरोबर," अजिंक्य म्हणाला.

"नको. तू वर जा. खरंच जा. मला राग नाही आलेला, वाईटही नाही वाटत." मग तो खरं बोलला. "वाटतंय थोडं. पण तू जा."

तो पाऊण तासाने तंबूशी पोचला. पाय काढून, पँटची कड गुडघ्यावर दुमडून तो दारात बसला. वारा फिरला होता, पश्चिमेचा झाला होता. त्याने ती बाजू बंद करून दुसरं दार उघडलं आणि तिकडे सरकला. चट्ट्यावर वारा लागू दिला. खालच्या दरीतून ढग वर येत होते, गवतावरून जात होते, आणि मधेच विरून सगळं स्वच्छ दिसत होतं. त्याने शेंगदाणे खाल्ले. थोडा वेळ झोपला. एकदा माथ्यावर पाच ठिपके दिसले. त्यातला एक हात हलवत होता. आपण इतक्या लांबून दिसणार नाही हे ठाऊक असूनही सुशांतने काठी वर धरून हलवली.

दोनला सगळे परत आले. लाली संध्याकाळपर्यंत उतरली. दुसऱ्या मुक्कामाला पाऊस आला नाही.

तिसऱ्या दिवशी उतरताना वाट ओली आणि घसरडी होती. उतार चढापेक्षा वाईट. प्रत्येक पावलाला भार टोकावर येतो. सुशांत दर अर्ध्या तासाने थांबत होता, मोजा पुसत होता, कातडी बघत होता. तंबू दवाने ओला होऊन जड झाला होता. जंगलाच्या पट्ट्यात अजिंक्यने खुंट्यांची पिशवी मागितली, सुशांतने दिली नाही. पुढच्या उतारावर त्याने न मागता काढून दिली. दोघं बोलत उतरले. पगारांबद्दल, अजिंक्यच्या मोडलेल्या लग्नाबद्दल, ज्याची सुशांतला फक्त उडती बातमी होती. चार तासांची वाट सहा तासांची झाली.

मळ्याच्या फाटकाशी पोचले तेव्हा बाकीचे चौघे पायरीवर बसून काळी कॉफी पीत होते आणि जीपवाला वाट बघून कंटाळून मागच्या सीटवर आडवा झाला होता. अजिंक्यने बॉनेटवर थाप मारली. तो दचकून उठला, सहाही जणांना मोजलं, आणि सुशांतला कन्नडमध्ये म्हणाला, "पुढं बसा सर, पाय लांब करायला जागा आहे."

सुशांत पुढे बसला.